फुलांच्या गाडीतलं बेसिन

१२ जानेवारी

धाकटे,

पाकीट फाडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. घाबरू नकोस. बाबा ठणठणीत आहेत, माझंही बरं चाललंय, कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. मला कायद्याचं एक काम आहे आणि माझ्या ओळखीत वकील एकच. ती माझ्याशी भांडलेली नाही, फक्त या घरात यायची बंद झालीय, असा माझा समज आहे. चुकीचा असेल तर तसं कळव आणि फी सांग.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर आपण दोघी 'कशी आहेस, बरी आहे' इतकं बोलतो आणि मग दोघीही दुसरीने ठेवायची वाट बघत बसतो. कागदावर मला निदान वाक्य पुरं करता येतं.

तर ऐक. मी एक गाडी घेतली. म्हणजे पैसे भरले, गाडी आली नाही.

औषधवाल्याशेजारचं माझं केस कापायचं दुकान तू बघितलंयस. तिथली माझी जुनी गिऱ्हाइकं एकेक करून यायची थांबली. कंटाळून नव्हे गं. कुणाचा खुबा मोडला, कुणाला जिना उतरवेना, एका मास्तरीणबाईंनी तर अंथरूणच धरलं. रोज संध्याकाळी दुकान बंद केल्यावर मी त्यांच्या घरी जायला लागले. कापणं कुठेही जमतं, पण निजलेल्या माणसाचे केस धुवायचे म्हणजे बादल्या, मेणकापड, भिजलेली गादी आणि ती वाळत घालणाऱ्या सुनेचं तोंड. तेव्हा डोक्यात आलं की दुकानालाच चाकं लावावीत. मोठी बंद गाडी, मागच्या दाराला चाकाची खुर्ची चढवायला उतार, आत गरम पाण्याची टाकी आणि मान टेकवायला खाच असलेलं बेसिन.

शोरूमच्या मॅनेजरने हे सगळं बसवून द्यायचं कबूल केलं. त्याला आम्ही टायवाले म्हणतो, कारण खोटं बोलायच्या आधी तो टाय सरळ करतो. हे मला फार उशिरा कळलं. सप्टेंबरअखेर गाडी देतो म्हणाले. मग ऑक्टोबर, मग कंपनीकडूनच आली नाही, मग तिथल्या मुलीने माझा फोन उचलायचाच सोडला. मला गाडी हवीय, आणि बुडालेल्या कामाची भरपाईही हवीय. भरपाई मागता येते ना अशी?

तक्रारीचा कच्चा खर्डा सोबत जोडलाय. बाबांना हे पत्र माहीत नाही. भरपाई मागणं म्हणजे हात पसरणं, हे त्यांचं मत अजून जसंच्या तसं आहे. बसमधून पडलेल्या त्या बाईची केस तू घेतलीस, बस बाबांच्या डेपोतल्या मिशीवाल्या काकांची निघाली, काकांची नोकरी गेली आणि बाबांनी तुझं नाव घ्यायचं सोडलं. त्यांचं घड्याळ तिथेच थांबलंय. मी त्याला किल्ली द्यायला जात नाही.

तुझी,
ताई

२ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं उत्तर आलं. मायना एका शब्दाचा, 'ताई', आणि त्याखाली प्रश्नांची ही लांबलचक रांग. पण तो शब्द तुझ्याच अक्षरात होता, तेव्हा मी खुशीत आहे.

खर्ड्यावर तू तांबड्या शाईने जो नांगर फिरवलायस, त्याबद्दल एकच तक्रार. 'ही माणसं मनाने फार हलकी आहेत' हे वाक्य खोडायला नको होतं. मला ते चांगलं साधलंय असं वाटत होतं.

आता तुझा तो प्रश्न, 'दुकान सध्या चालू आहे का?' ते मी मुद्दाम गाळलं होतं आणि तू नेमकं तिथेच बोट ठेवलंस. नाही, चालू नाही. सप्टेंबरात टायवाल्यांचा मोबाइलवर निरोप आला, 'गाडी तयार आहे, पुढच्या आठवड्यात घेऊन जा.' तो वाचून मी दुसऱ्याच दिवशी मालकाला दुकानाची किल्ली देऊन टाकली. गाडीही आणि दुकानाचं भाडंही, दोन्ही मला झेपणार नव्हतं. तिथे आता चाव्या बनवणारा बसतो. मग टायवाले म्हणायला लागले की 'तयार' म्हणजे कंपनीत तयार, इथे नव्हे. खर्ड्यात उल्लेख केलेला तो निरोप मी पुसलेला नाही. तुला त्याचं इतकं कौतुक का वाटतंय ते कळलं नाही, पण त्याचा फोटो काढून सोबत ठेवलाय.

तर सध्या मी खांद्याला पिशवी अडकवून बसने हिंडते. फुगवायचं बेसिन घेतलं होतं, ते आठवड्यात फुटलं. परवा एका आजोबांची मान त्यांच्याच स्वयंपाकघराच्या ओट्यावर टेकवून केस धुतले. म्हणाले, "बटाट्याला काय वाटत असेल ते आज कळलं." हसून हसून माझ्या हातातला तांब्या त्यांच्या कानात ओतला गेला. गुडघे दुखतात, पण काम सुटलेलं नाही. मास्तरीणबाई मात्र राहून गेल्या. त्या तिसऱ्या मजल्यावर, पाणी तळमजल्यावर. गाडी आली की पहिला नंबर तुमचा, असं त्यांना सांगून ठेवलंय. दर खेपेला त्या विचारतात आणि मी टायवाल्यांसारखं बोलते.

मुद्दा अमुक, दिनांक अमुक, सगळं तू म्हणालीस तसं लिहून काढते. तू कशी आहेस ते तू लिहिलं नाहीस. मी विचारलंही नव्हतं. आता विचारतेय.

ताई

१९ फेब्रुवारी

धाकटे,

आज भराभर लिहितेय, अक्षर लावून घे.

दवाखान्यासमोरच्या थांब्यावर बसची वाट बघत होते. एक फुलांची गाडी येऊन थांबली. पांढरी, मोठी, बाजूला फुलांचं चित्र. एक जाडजूड माणूस उतरला, त्याने मागचं दार उघडलं आणि उतार खाली सोडला. मनात म्हटलं, वा, अगदी आपण सांगितला होता तसा उतार. मग आत बघितलं. बादल्या, हिरव्या काड्या, कागद, आणि भिंतीशी एक बेसिन. गुलाबांनी गच्च भरलेलं. कडेला मान टेकवायची खाच, त्या खाचेतून गुलाबांची एक जुडी बाहेर लोंबत होती.

मी जाऊन म्हटलं, "दादा, हे बेसिन माझं आहे."

तो म्हणाला, "बाई, गाडी नवी घेतलीय, चोरलेली नाही."

"तसं नाही म्हणत. ही खाच कशासाठी आहे, माहितीये?"

"देठं एका बाजूला लागतात म्हणून असेल. मला तर फार सोयीची पडते."

मी उतारावरून सरळ आत चढले, बेसिनच्या कडेला मान टेकवली आणि गुलाबांत डोकं घालून वर बघत राहिले. तो बघतच राहिला. मग म्हणाला, "अरे देवा. ही केस धुवायची आहे."

त्याने फुलं वेळेवर पोचवायचं सोडून माझी सगळी कथा ऐकून घेतली. त्याची जुनी गाडी सप्टेंबरात बंद पडली होती, त्याला लागलीच दुसरी हवी होती. टायवाल्यांनी सांगितलं, एक तयार आहे, गिऱ्हाइकाने ऐन वेळी सोडली, टाकीबिकी बसवलेली आहे म्हणून थोडे जास्त पडतील. याने दिले. माझी गाडी कंपनीकडून आली नाही म्हणत होते ना, ती ही अशी आली होती.

बिचारा इतका ओशाळला की किल्ली माझ्या हातात द्यायला लागला. मी म्हटलं, तुमचा काही दोष नाही, गाडी तुमचीच. पण तुमची पावती मला बघू द्या, आणि माझ्या बहिणीने बोलावलं तर येऊन एवढंच सांगा. म्हणाला, "येतो. बहीण काय करते?" मी म्हटलं, "वकील आहे." इतक्या तोऱ्यात सांगितलं की थांब्यावरची माणसं वळून बघायला लागली.

पावतीची प्रत सोबत आहे. तारीख वाच आणि टायवाल्यांच्या निरोपाची तारीख वाच. मला निरोप धाडला त्याच आठवड्यात माझी गाडी याला विकली.

ताई

११ मार्च

धाकटे,

तुझी नोटीस पोचली. कशावरून, तर टायवाले स्वतः घरी आले.

मी पिशवी घेऊन बाहेर पडणार तोच दारात उभे. बसले, पाणी प्याले, टाय सरळ केली. मग बाबांकडे वळून बोलायला लागले, जणू गाडी बाबांनीच घेतली होती. "काका, तुम्ही सज्जन माणसं. कोर्टकचेऱ्या तुमच्यासारख्यांना शोभत नाहीत. तक्रार मागे घ्या. गाडी देतोच, वर सीटकव्हर आणि गाणी लावायचं यंत्र आमच्याकडून भेट."

बाबांना यातलं काहीच सांगितलं नव्हतं, आणि भरपाई हा शब्द कानावर पडला की त्यांचा चेहरा कसा होतो ते आपण दोघींनी पाहिलंय. बाबा वर्तमानपत्राची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "फुलवाल्याला गाडी विकलीत, तेव्हा हिला सांगितलंत का?"

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं.

टायवाले म्हणाले, "काका, धंद्यात थोडं मागेपुढे होतं."

"मी जन्मभर बस चालवली," बाबा म्हणाले. "उशीर मलाही व्हायचा. पण खिडकीतून डोकं काढून सांगायचो की उशीर होणार आहे, ज्याला घाई असेल त्याने दुसरी गाडी धरावी. तुम्ही तिला थांब्यावर उभी केलीत आणि तिची गाडी दुसऱ्या रस्त्याने काढलीत. चहा घेणार का?"

टायवाल्यांनी चहा घेतला नाही.

ते गेल्यावर मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं. म्हणाले, "घरात पोस्टाची तिकिटं संपायला लागली तेव्हा." माझे कागद टेबलावरच पडलेले असतात, तेही वाचले असणार. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "वकिलाला लिही, माघार घ्यायची नाही." नाव घेतलं नाही. पण 'वकिलाला' हा शब्द असा म्हणाले, जसं घरातल्याच एखाद्या माणसाबद्दल बोलावं.

तेव्हा वकिलांना कळवते, माघार घ्यायची नाही.

ताई

२४ मे

धाकटे,

संध्याकाळची गाडी मिळाली ना? जागा मिळाली का बसायला? तू येशील असं मला शेवटपर्यंत वाटत नव्हतं. इथल्या एखाद्या वकिलाचं नाव सुचवशील असंच वाटत होतं. ग्राहक मंचाच्या पायऱ्यांवर काळा कोट दिसला आणि मी आधी केसांकडेच बघितलं. बाजूने फार उतरवलेत कुणीतरी. पुढच्या वेळी मी कापीन.

तुझ्यासमोर घडलं ते पुन्हा सांगत नाही. पण तू टायवाल्यांना शांतपणे विचारलंस, "ही खाच कशासाठी असते?" आणि ते म्हणाले, "डिझाइनचा भाग आहे," तेव्हा मागे बसलेला फुलवाला इतक्या मोठ्याने खोकला की शिपायाने त्याला पाणी आणून दिलं. तू हसली नाहीस. मला मात्र ओठ चावावा लागला.

तुला माहीत नाही ते सांगते. तू कागदांच्या नकला घ्यायला खिडकीपाशी गेलीस आणि मी आणि बाबा बाहेरच्या बाकावर बसलो. तुमच्या दोघांमध्ये दिवसभरात काय बोलणं झालं ते मी ऐकलंय. तू म्हणालीस, "पाणी?" ते म्हणाले, "नको." बाकावर बसल्यावर मात्र म्हणाले, "ती ओरडली नाही."

मी म्हटलं, "ती कधीच ओरडत नाही, बाबा."

"मला वाटायचं, माणसाला तिथे उभं करतात आणि त्याच्यावर ओरडतात. मिशीवाल्याच्या वेळी मी गेलोच नव्हतो. बघवलं नसतं म्हणून." मग हातातल्या टोपीची कड चाचपत म्हणाले, "या माणसाला तिने खरं सांगायला वाव दिला. परत परत दिला. त्यानेच घेतला नाही."

तू नकला घेऊन आलीस तेव्हा ते उठून उभे राहिले होते, आठवतंय? तुला वाटलं असेल पाय आखडलेत. पाय आखडले नव्हते.

ताई

८ जून

धाकटे,

हे पत्र गाडीबद्दल नाही.

रविवारी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. म्हणाले, मिशीवाल्याकडे जातो, तूही चल. काका आता गाडी चालवायला शिकवणाऱ्यांकडे शिकवतात. मिशा पांढऱ्या झाल्यात, पण तितक्याच जाड. काकूंनी बसायला पाट काय, खुर्ची काय, सगळंच पुढे केलं.

बाबांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाले, "त्या वेळी कोर्टात माझ्या मुलीने तुला काय विचारलं होतं?"

काका म्हणाले, "विचारलं होतं की ती बाई चढत होती तेव्हा आरशात बघितलं होतं का. नव्हतं बघितलं. घाईत होतो, गाडी सोडली. सगळे म्हणत होते बघितलं म्हणून सांग. मी तसं सांगितलं आणि तिथेच अडकलो." मग थोडं हसले. "चूक माझीच होती रे. त्या बाईचा पाय कायमचा अधू झाला. तिला काहीतरी मिळालं, याचंच बरं वाटतं मला."

काका पुढे म्हणाले, "तुझी मुलगी निकालानंतर मला भेटायला आली होती, सांगितलं नाही तिने? बराच वेळ बसली. हिने तिला जेवूनच पाठवलं. कशी आहे ती?"

बाबा म्हणाले, "आम्ही बोलत नाही."

"का?"

"तुझ्यामुळे."

धाकटे, काकांचा चेहरा बघायला हवा होतास. ते उठले, खिडकीशी गेले, परत आले. म्हणाले, "इतकी वर्षं तू माझ्यासाठी पोरीशी अबोला धरलास आणि मला विचारायचं तुझ्या मनात आलं नाही?" रागावले होते ते. खरोखर रागावले. काकू त्यांना शांत करायला आल्या, तर त्यांच्याही डोळ्यांत पाणी.

परत येताना बाबा माझ्या पुढे पुढे चालत होते. घरी आल्यावर स्वतः चहा केला, माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "तिला काय लिहायचं?" मी म्हटलं, वाटतं ते लिहा. म्हणाले, "ते जमत नाही. तू आज घडलं तेवढंच लिही. ती हुशार आहे."

म्हणून घडलं तेवढंच लिहिलं.

तू काकांकडे गेली होतीस हे मला कधी बोलली नाहीस. बरं केलंस म्हणते आणि जरा रागही आलाय. भेटलीस की बोलू.

ताई

१७ जुलै

माझ्या वकीलबाई,

निकालाची प्रत मिळाली. दोनदा वाचली, मग बाबांना मोठ्याने वाचून दाखवली. 'ग्राहकाची दिशाभूल' हे शब्द त्यांनी मला परत वाचायला लावले. मागितलं त्यापेक्षा कमी मिळालंय आणि तुला वरच्या कोर्टात जायचंय, हे कळलं. नको गं. नवी गाडी द्यायला लावली, बुडालेल्या महिन्यांची भरपाई मिळाली, वर मनस्तापाचे वेगळे. मनस्तापाचे पैसे मिळतात हे फुलवाल्याला कळल्यापासून तो सगळ्या गिऱ्हाइकांकडे वेगळ्याच नजरेने बघतो. मला एवढं पुरे. आणखी वर्षभर त्या टायकडे बघत बसायची माझी इच्छा नाही.

गाडी मंगळवारी आली. टायवाल्यांनी किल्ली दिली तेव्हा टायला हात लावला नाही, एवढं म्हणते. माणूस अगदीच वाया गेलेला नसावा. बाबांनी चारी चाकं, दिवे, आरसे, सगळं तपासून घेतलं आणि मगच मला सही करू दिली.

पहिला नंबर मास्तरीणबाईंचा. त्यांच्या इमारतीतल्या दोघांनी त्यांना खुर्चीसकट खाली आणलं आणि उतारावरून मी आत घेतलं. गरम पाणी डोक्यावर पडलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि काही बोलल्याच नाहीत. मला वाटलं, पाणी जास्त गरम झालं. विचारलं, तर म्हणाल्या, "तू बोलू नकोस. पाणी घाल." टाकी जवळजवळ रिकामी होईपर्यंत मी पाणी घालत होते. त्यानंतरच्या दोन आजींना थांबावं लागलं. त्यांनी काही मनस्ताप करून घेतला नाही.

आज सुट्टी घेतली. सकाळी गाडी धुतली आणि आत कात्र्या लावून ठेवत होते, तोच बाबा उतारावरून वर आले. तुला ठाऊक आहे, आयुष्यात त्यांनी मला त्यांच्या डोक्याला हात लावू दिलेला नाही. कोपऱ्यावरचा तो एक न्हावी आणि हे. आले ते सरळ खुर्चीत बसले, आणि स्वतःच कापड गळ्याशी ओढून घेतलं.

मी म्हटलं, "आज काय विशेष?"

म्हणाले, "किती तासांचा रस्ता आहे तिच्या गावापर्यंत?"

मी सांगितलं. आरशात त्यांच्याकडे बघितलं तर ते आरशात माझ्याकडे बघत होते.

"रविवारी काढू गाडी," म्हणाले. "पहाटे निघालो तर रस्ता मोकळा मिळेल. तू चालव, मी शेजारी बसतो." मग मान टेकवली आणि छताकडे बघत म्हणाले, "नीट काप. कानाजवळ सांभाळून. पोरगी किती वर्षांनी जवळून बघणार आहे."

नीट कापलेत. रविवारी दुपारपर्यंत पोचतो. दारात उभी राहा.

ताई